कांद्यावरचे फुलकिडे: जैविक औषध कमी पडतंय की पोचतच नाही?



उन्हाळ कांद्याची लागण होऊन बहुतेकांना महिना-दीड महिना झाला. रात्रीची थंडी ओसरायला लागली, दुपारचं ऊन वाढलं, आणि माझ्या फोनवर एकच वाक्य यायला लागलं: "ताई, पात पांढरी पडली. निंबोळी मारून झाली, बुरशीचं औषध मारून झालं. थ्रिप्स हलत नाही. आता ते दुसरं मारू का?"

"ते दुसरं" म्हणजे काय ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही. त्यावर बोलण्याआधी आजचा संदेश पूर्ण वाचा, मोठा आहे पण कामाचा आहे. गेल्या आठवड्यात ज्या प्लॉटवर गेले, तिथे औषधाचा दोष फार कमी वेळा होता. बहुतेक ठिकाणी औषध किड्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

*१) आधी किडा राहतो कुठे ते बघू*

फुलकिडा जेमतेम एक मिलिमीटरचा. मोठा किडा पिवळसर ते तपकिरी, पिल्लं फिकट पिवळी-पांढरी. तो पात कुरतडत नाही, वरची साल खरवडतो आणि त्यातून येणारा रस शोषतो. खरवडलेल्या जागी चंदेरी-पांढरे ठिपके पडतात, ते एकमेकांना मिळून पट्टे होतात. भिंगातून पाहिलं तर त्या पट्ट्यात बारीक काळे ठिपके दिसतात, ती त्यांची विष्ठा. जास्त झाले की पाती वाकड्यातिकड्या होतात, शेंड्याकडून वाळतात.

आता महत्त्वाचं. एकाच वेळी तुमच्या शेतात फुलकिड्याची तीन घरं असतात:

• *अंडी* पातीच्या आत. मादी पातीला चीर पाडून आत अंडी घालते. वरून मारलेलं निंबोळी किंवा बुरशीचं पाणी तिथे जात नाही.
• *पिल्लं आणि मोठे किडे* पोंग्यात, म्हणजे मानेजवळ जिथे कोवळ्या पाती एकमेकींना चिकटून निघतात त्या बेचक्यात. दिवसा ऊन तापलं की ते आणखी आत सरकतात.
• *कोष* जमिनीत. पिल्लू मोठं झालं की खाणं थांबवतं, खाली पडतं, आणि मातीत किंवा पाल्याखाली काही दिवस गप्प बसून पंख घेऊन वर येतं.

म्हणजे तुमची फवारणी कितीही चांगली झाली तरी तीनपैकी एकाच घरावर पडते. चार-पाच दिवसांनी अंड्यातून नवी पिल्लं निघतात, मातीतून नवे किडे वर येतात, आणि आपण म्हणतो "औषध फेल गेलं". ते फेल गेलेलं नसतं, दुसऱ्या घरातली मंडळी बाहेर आलेली असतात.

उष्ण-कोरड्या हवेत अंड्यापासून मोठ्या किड्यापर्यंतचा फेरा साधारण दोन ते तीन आठवड्यांत पूर्ण होतो. ऊन वाढेल तसा तो लवकर संपतो. त्यात मादीला पिल्लांसाठी नर लागतोच असंही नाही. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये संख्या बघता बघता वाढते.

*२) फवारायच्या आधी मोजा*

एक पात पांढरी दिसली की पंप खांद्यावर, असं करू नका. आणि सगळं शेत पांढरं होईपर्यंत थांबूही नका. मोजायला एकरी अर्धा तास लागतो.

सकाळी ऊन तापायच्या आत शेतात जा. बांधाकडची दोन, मधली एक, पाण्याच्या दारापाशी एक, शेवटच्या टोकाला एक, अशा पाच जागा धरा. प्रत्येक जागी चार रोपं. प्रत्येक रोपाचा पोंगा दोन बोटांनी हळूच उघडा आणि आतले किडे मोजा, पिल्लं धरून. डोळ्यांना जमत नसेल तर खाली पांढरा कागद किंवा ताट धरून रोप दोन-तीनदा झटका, पडलेले मोजा. सगळे मिळवून २० ने भागा.

राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने आर्थिक नुकसानीची पातळी म्हणून *एका रोपावर ३० फुलकिडे* असा आकडा दिला आहे. पण आपली जैविक औषधं हळू काम करतात. ३० ची वाट बघत बसलो तर गाडी निघून गेलेली असते. म्हणून आपल्या गटासाठी माझं सांगणं असं: *सरासरी ८ ते १० दिसले की पहिली फवारणी.* ५ च्या आत असतील तर थांबा, चार दिवसांनी परत मोजा.

मोजताना पोंग्यात ढालकिडा, क्रायसोपाची अळी किंवा बारीक काळा-पांढरा ओरियस ढेकूण दिसला तर खूश व्हा. ते आपले फुकटचे मजूर आहेत. ते भरपूर असतील आणि फुलकिडे कमी असतील, तर त्या आठवड्यात पंप घरीच राहू द्या.

निळे चिकट सापळे एकरी १५ ते २० लावा, पातीच्या जरा वर. पण सापळ्याने फुलकिडे संपत नाहीत. बाहेरून किडा यायला लागला की कळावं, एवढंच त्याचं काम. शेजारच्या रानात रांगडा कांदा निघत असेल तर ते चार दिवस सापळ्याकडे रोज बघा. तिकडची हिरवी पात संपली की किडा वाऱ्याबरोबर आपल्या कोवळ्या कांद्यावर येतो.

*३) पोचतंय का, ते आधी साध्या पाण्याने तपासा*

चांदवडकडच्या आपल्या एका सभासद दादांनी आठ दिवसांत दोन फवारण्या केल्या होत्या. औषध चांगलं, तारीख ताजी. मी विचारलं, एकराला किती पंप मारले? म्हणाले, सहा. म्हणजे ९० लिटर पाणी. वेळ? दूध घालून आल्यावर, दहा ते बारा. पोंगे उघडून पाहिले तर आत कोरडे, आणि किडे मजेत.

आम्ही एका वाफ्यावर त्यांच्याच पंपाने त्यांच्याच पद्धतीने नुसतं पाणी मारलं आणि लगेच पोंगे उघडले. पातीवर थेंब होते, पोंगा कोरडाच. मग नोझल बदललं, चालायचा वेग कमी केला, पाण्यात थोडं साबणाचं पाणी घातलं आणि परत मारलं. या वेळी पाणी पातीवरून ओघळून मानेत उतरलं. औषध तेच ठेवलं आणि सरासरी दोन फवारण्यांत खाली आली.

तुम्हीही हे आज संध्याकाळी करून बघा. पैसे लागत नाहीत. बघायच्या गोष्टी चार:

• *पाणी:* एकरी साधारण २०० लिटर. १५ लिटरचे १३-१४ पंप. रोपं लहान असतील तर थोडं कमी चालेल, पण सहा पंपांत एकर होत नाही.
• *चिकटद्रव्य:* कांद्याच्या पातीवर मेण असतं, थेंब मोत्यासारखे घरंगळून जमिनीवर पडतात. म्हणून साबण किंवा प्रमाणीकरणात चालणारं स्टिकर हवंच. पण जास्त नको. जास्त साबणाने मेण धुऊन जातं, पात भाजते.
• *नोझल:* बारीक थेंबाचं पोकळ शंकूचं. झिजलेलं असेल तर बदला. फवारा आडवा नको, वरून थोडा तिरका, मानेत जाईल असा.
• *वेळ:* संध्याकाळी साडेचारनंतर. निंबोळीतला कामाचा घटक उन्हात लवकर विघटतो आणि बुरशीचे बीजाणू उन्हाने मरतात. शिवाय ऊन उतरलं की किडाही पोंग्यातून बाहेर येतो.

ही वेळेची चूक मी स्वतः केलेली आहे. डिप्लोमा करून घरी आले त्या वर्षी वडिलांच्या कांद्यावर भर अकरा वाजता निंबोळी मारून घेतली, आणि आठ दिवसांनी त्यांनाच म्हणाले की निंबोळीत दम नाही. वडील काही बोलले नाहीत. पुढच्या वेळी त्यांनी संध्याकाळी मारली आणि मला पोंगे उघडून दाखवले.

*४) काय मारायचं, किती मारायचं*

*निंबोळी अर्क ५ टक्के.* १०० लिटर पाण्यासाठी ५ किलो निंबोळीची भरड. एकराला २०० लिटर धरले तर १० किलो. आदल्या संध्याकाळी भरड पाण्यात भिजत घाला (५ किलोला १० लिटर पाणी). दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ढवळून फडक्याने दोनदा गाळा, नाहीतर नोझल तुंबतं. १०० लिटरला १०० ग्रॅम साधा साबण विरघळवून घाला, किंवा रीठ्याचं पाणी. धुण्याची पावडर नको. अर्क त्याच दिवशी संपवा, उरलेला दुसऱ्या दिवशी चालत नाही. निंबोळ्या गेल्या पावसाळ्यात गोळा करून सावलीत वाळवलेल्या हव्यात. बुरशी आलेल्या, काळ्या पडलेल्या किंवा दोन वर्षांच्या जुन्या निंबोळ्यांत फारसं काही उरत नाही.

बाजारातलं निंबोळी औषध घेत असाल तर बाटलीवरचा पीपीएम आकडा बघा. १०,००० पीपीएम असेल तर लिटरला २ ते ३ मिली, १,५०० पीपीएम असेल तर लिटरला ५ मिली, आणि शेवटी लेबलवर जे लिहिलंय तेच खरं. सगळ्या बाटल्यांना एकच माप लावू नका.

निंबोळी किड्याला जागच्या जागी पाडत नाही. पिल्लाचं खाणं मंदावतं, कात टाकणं बिघडतं, त्यामुळे ते मोठं होत नाही. मोठ्या किड्यावर परिणाम कमी. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेले किडे शोधू नका. पाचव्या दिवशी पिल्लं मोजा.

*व्हर्टिसिलियम लेकॅनी किंवा बिव्हेरिया बॅसियाना.* लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम, एकराला एक किलो. या जिवंत बुरश्या आहेत. किड्याच्या अंगाला चिकटतात, आत शिरतात, आणि चार ते सात दिवसांनी तो मरतो. त्यांना ओल लागते. म्हणून पाणी दिल्यानंतरच्या संध्याकाळी मारा. जमीन भेगाळलेली आणि वारा कोरडा असताना मारलं तर एक किलो पावडर वाया गेली असं समजा.

• पाकिटावरची तयार केल्याची आणि मुदतीची तारीख बघा. दुकानात पत्र्याखाली तापलेलं पाकीट घेऊ नका.
• बुरशीनाशक, तांबेयुक्त औषध, गंधक यांच्याबरोबर कधीही मिसळू नका. करप्यासाठी असं काही मारलं असेल तर मध्ये आठ दिवस जाऊ द्या. पंपही धुऊन घ्या.
• निंबोळी तेल आणि गंधक पाठोपाठ मारू नका, पात भाजते.
• पावडर कालवताना तोंडाला रुमाल, डोळ्याला चष्मा. जैविक असली तरी धूळ ती धूळच.

*दशपर्णी अर्क.* खूप जण विचारतात. चांगला मुरलेला असेल तर किडा दूर ठेवायला मदत होते. पण प्रत्येक घरच्या अर्काची ताकद वेगळी. आधी एका वाफ्यावर मारा, दोन दिवस पात भाजत नाही ना बघा, मग शेतात. सरासरी १५ च्या वर गेली असेल तर एकट्या दशपर्णीवर विसंबू नका.

*५) तिन्ही घरं गाठायचा क्रम*

पहिल्या दिवशी संध्याकाळी निंबोळी. सहाव्या-सातव्या दिवशी, पाणी दिल्यावर, लेकॅनी किंवा बिव्हेरिया. बाराव्या-तेराव्या दिवशी परत निंबोळी. दर फवारणीच्या आधी मोजणी. असं का? पहिल्या वेळी अंड्यात असलेले दुसऱ्या वेळी पिल्लू होऊन सापडतात, आणि मातीत असलेले वर येऊन दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सापडतात. एकच फवारणी करून थांबणं म्हणजे एक दार लावून दोन उघडी ठेवणं.

जमिनीतल्या कोषासाठी मेटारायझियम २ किलो, १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओल देऊन चार-पाच दिवस सावलीत ठेवा आणि एकरभर रोपांच्या ओळीत टाका. लगेच पाणी द्या. ज्यांची लागण उशिराची आहे, त्यांनी हे या आठवड्यात करावं.

*पाण्याची मदत घ्या.* तुषार असेल तर वापरा. पावसासारखं पाणी पडलं की पोंग्यातले पुष्कळ किडे धुऊन जातात. पण सकाळी चालवा, दुपारपर्यंत पात वाळली पाहिजे. संध्याकाळी तुषार चालवून रात्रभर पात ओली ठेवली तर फुलकिड्याच्या जागी जांभळा करपा घरात घ्याल. फुलकिड्याने खरवडलेल्या जागेतूनच करपा सहज आत शिरतो. ठिबक किंवा सरीवर असाल तर पिकाला ताण देऊ नका. तहानलेल्या कांद्याला तेवढेच किडे जास्त जड जातात.

*खत आवरा.* कोंबडी खत किंवा स्लरी जास्त झाली की पात लुसलुशीत, गर्द हिरवी होते, आणि फुलकिड्याला तीच आवडते. शेजाऱ्याची पात जास्त हिरवी दिसते म्हणून आणखी एक स्लरी सोडू नका.

*६) पात पांढरी, मग आता काय बघायचं?*

पांढरी झालेली पात परत हिरवी होत नाही, काहीही मारलं तरी. जुन्या पातीकडे बघून निराश होऊ नका आणि तिच्याकडे बघून औषधाचा निकालही लावू नका. *मधल्या दोन नव्या पाती बघा.* त्या स्वच्छ निघत असतील तर तुमचं काम होतंय.

कांद्याची प्रत्येक पात म्हणजे आतली एक पाकळी. कांदा पोसायला लागायच्या आधी जितक्या पाती धड राहतील, तितका कांदा भरेल. म्हणून लागणीपासून पहिले ६० दिवस जपायचे. नंतर, माना पडायला लागल्यावर, फुलकिडे दिसले तरी फवारणीवर पैसे घालू नका.

*७) आता "त्या दुसऱ्या" विषयी*

दोन प्रकार आहेत. पहिला, उघड रासायनिक. दुसरा जास्त धोक्याचा: "जैविक" नाव असलेली, दोन दिवसांत सगळं साफ करणारी बाटली. आपण वर पाहिलं की खरं जैविक औषध दोन दिवसांत साफ करत नाही. तसं होत असेल तर आत काय आहे, हा प्रश्न विचारा. निंबोळी औषध असो की बुरशीचं, कीटकनाशक म्हणून विकायला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. बाटलीवर नोंदणी क्रमांक, घटकाचं नाव आणि प्रमाण, बॅच, मुदत यातलं काही नसेल, नुसता पानाफुलांचा फोटो आणि "१०० टक्के ऑरगॅनिक" असेल, तर ती बाटली खाली ठेवा. पक्कं बिल देत नसेल तर दुकानातून बाहेर या.

आपला माल गटाचा म्हणून जातो. तुमच्या चाळीतला कांदा आणि तुमच्या शेजाऱ्याचा कांदा एकाच लॉटमध्ये भरला जातो, आणि तपासणीला त्यातलाच नमुना जातो. एकाच्या शेतातला अंश निघाला तर ज्यांनी तीन महिने निंबोळ्या कुटल्या त्यांचाही भाव जातो. जैविकचा भाव आणि बाजार समितीचा भाव यातला फरक तुम्हाला मी सांगायला नको.

आणि तरीही, तुमच्या घरात काय अडचण आहे ते मला शहाणपणाने सांगता येणार नाही. सोसायटीचं कर्ज, पोरीची फी, समोर पांढरं होत चाललेलं शेत. रात्री झोप लागत नाही हे मी आमच्या घरात बघितलंय. म्हणून एवढंच सांगते: *मारायचा निर्णय झालाच, तर आधी फोन करा. लपवू नका.* तुमचा प्लॉट वेगळा धरू, माल वेगळा भरू, साध्या बाजारात विकायला कंपनी मदत करेल. तुमचा प्लॉट मागे जाईल, पण गट राहील. लपवलं तर सगळ्यांचं जाईल.

*८) पुढच्या हंगामासाठी आजच लिहून ठेवा*

लागणीच्या ३० दिवस आधी कांद्याच्या प्लॉटभोवती मक्याच्या दोन ओळी, किंवा बाहेर मका आणि आत गव्हाची एक ओळ, अशी शिफारस राजगुरुनगरच्या संचालनालयाची आहे. फुलकिडा उडायला कमजोर, वाऱ्यावर येतो. उंच मका त्याला अडवतो. लागणीनंतर मका लावला तर उपयोग नाही, कांदा मोठा होईपर्यंत मका गुडघ्याएवढाच राहतो. यंदाची संधी गेली, पुढची चुकवू नका. जून-जुलैत निंबोळ्या पडतील तेव्हा एकरी ३० किलो सुकवलेल्या घरात ठेवा, म्हणजे तीन फवारण्यांची सोय झाली.

*या आठवड्याचं काम, थोडक्यात:*
१. पाच जागा, वीस रोपं, मोजणी.
२. साध्या पाण्याने पोंगा भिजतो का ते बघा.
३. सरासरी ८-१० असेल तर संध्याकाळी निंबोळी.
४. तारीख, औषध, बॅच, पंप संख्या फवारणी वहीत लिहा.
५. मोजणीचा आकडा आणि उघडलेल्या पोंग्याचा एक जवळून फोटो मला याच नंबरवर पाठवा. नुसत्या शेताचा लांबून काढलेला फोटो नको, त्यातून काही कळत नाही.

ज्यांची सरासरी २० च्या वर येईल त्यांच्या शेतावर मी याच आठवड्यात येते, फक्त आकडा खरा पाठवा.

हा संदेश ज्या सभासदांकडे साधा फोन आहे त्यांना वाचून दाखवा.

तुमची,
कृषी सल्लागार ताई